मी दादा, नवरा काका

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या आमच्या अडतीच्या वजनकाट्यावर जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात हळदीच्या पोत्यांमधूनच दोन कापडी बॅगा चढल्या. एक भरली १७ किलो, दुसरी १४ किलो ८००. "वहिनी, पहिलीत तूट काढायला लागंल," हमालमामा अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले आणि सगळी अडत हसली.

आम्ही हनिमूनला टांझानियाला निघालो होतो. तिथल्या सेरेंगेटीच्या जंगलातून झांझिबार बेटावर जाणाऱ्या बारा-पंधरा सीटच्या विमानात माणशी १५ किलोच सामान चालतं. तेही मऊ बॅगेत, कारण चाकाची कडक बॅग त्या विमानाच्या पोटातल्या खणात बसत नाही. रुखवतात मांडलेली माझी कोरी ट्रॉली बॅग त्यामुळं कपाटावर गेली आणि हरभट रोडवरनं या दोन आल्या. जड बॅगेतून शेवटी नवऱ्याचा एक बूट-जोड आणि माझी इस्त्री निघाली. जंगलात इस्त्री कशाला घेतली होती, ते आता मलाही सांगता येत नाही.

आफ्रिकेचं ठरलं दसऱ्याला, सुपारी फुटल्यावर आठच दिवसांनी. घरातल्यांच्या मनात बाली होतं. सासऱ्यांनी (पप्पा म्हणते मी त्यांना) सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बिबट्या बघायला एवढे पैसे? शिराळ्याच्या उसात फुकट दिसतो की." यावर काय बोलणार? माझं माहेर पलूसचं. सागरेश्वरच्या हरणांच्या पुढं माझी मजल कधी गेली नव्हती, आणि म्हणूनच जायचं होतं.

खरी अडचण महिन्याची होती. फेब्रुवारी म्हणजे सासरी नव्या हळदीचे सौदे आणि माहेरी द्राक्षांची तोड. दोन्ही घरांनी विचारलं, दुसरा महिना नाही का? मग मी वहीत गोल काढून दाखवला. सेरेंगेटीतली ती लाखो जनावरं, विल्डबीस्ट, वर्षभर गवताच्या मागं फिरत असतात. टीव्हीवर मगरींनी भरलेली नदी ओलांडताना दिसतात ते जुलै ते ऑक्टोबरमध्ये, उत्तरेला मारा नदीवर. मार्चच्या मध्यापासून मेपर्यंत तिकडचा मोठा पाऊस. जानेवारी-फेब्रुवारीत कळप दक्षिणेला न्दुतूच्या माळावर येतो आणि तिथं वितो. त्याच वेळी झांझिबारला हवा कोरडी, समुद्र निवळ. शिवाय २०२५ मध्ये रमजान मार्चच्या सुरुवातीला लागणार होता. तेव्हा तिथली पुष्कळशी खाण्याची ठिकाणं दिवसा बंद असतात. पप्पांनी वही बघितली आणि म्हणाले, "म्हणजे त्यांचाबी हंगामच हाय. जावा."

पुण्याच्या एका टूरवाल्यानं चौदा दिवसांत दोन देश, पाच जंगलं असा कागद पाठवला होता. रोज सकाळी बॅग भरायची, रोज संध्याकाळी उपसायची. हनिमून नव्हे, बदलीची नोकरी! आम्ही तो बाजूला ठेवला आणि टांझानियातल्या अरुशाच्या एका छोट्या कंपनीशी थेट बोलणी केली. आधी जंगल, मग समुद्र हे माझं ठाम मत होतं. सफारीत पहाटे पाचला उठून दिवसभर धुळीत हाडं खिळखिळी होतात. ती शेवटी ठेवली तर समुद्रावरचा आराम घरी पोचेपर्यंत उरत नाही. विमानं, व्हिसा, सगळं धरून दोघांचा खर्च सात लाखांच्या आत-बाहेर गेला. लग्नाचं जेवण दोनशे पानांनी कमी केलं होतं, त्याचा हा हिशेब.

बाकी किरकोळ. नैरोबीवरनं जायचं म्हणून पिवळ्या तापाची लस घेतली. ती ठरावीक केंद्रांवरच मिळते आणि निघण्याच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते, म्हणून पुण्याला एक खेप झाली. टांझानियाचा व्हिसा ऑनलाइन, ५० डॉलर. झांझिबारचा सक्तीचा विमा ४४ डॉलर, हा २०२४ च्या ऑक्टोबरपासून नवा. आणि प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगा नेता येत नाहीत, २०१९ पासून त्या देशात बंदी आहे. आईनं सहा कॅरीबॅगांत बांधून दिलेलं भडंग मी निघायच्या रात्री स्टीलच्या डब्यात ओतलं.

पहिला दिवस, ५ फेब्रुवारी

आदल्या रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस धरली, मुंबईहून नैरोबी सहा तास. घड्याळ अडीच तास मागं. नैरोबीहून पुढचं विमान तासाभराचं, त्यात डाव्या खिडकीशी बसावं. ढगांच्या वर, एकटा, किलिमांजारो. ५,८९५ मीटर. नवरा झोपला होता. उठवला, त्यानं बघितला, "बर्फ कमीच दिसतोय," म्हणाला आणि परत झोपला.

विमानतळावर आमचा ड्रायव्हर-गाइड उभा होता. उंच, चाळिशीचा, हिरवा शर्ट. माझी बॅग घेत म्हणाला, "करिबू, दादा." मी मागं वळून बघितलं. मग तो नवऱ्याला म्हणाला, "करिबू, काका."

तिथल्या स्वाहिली भाषेत करिबू म्हणजे या, दादा म्हणजे बहीण आणि काका म्हणजे भाऊ. त्या क्षणापासून सहा दिवस मी दादा होते आणि माझा नवरा काका. हनिमूनवर.

दुसरा दिवस

टॅरंगिरे उद्यान. आत शिरल्या शिरल्या गोरखचिंचा दिसायला लागल्या. एकेकीचं खोड आमच्या माजघराएवढं. हत्तींनी सोंडेच्या उंचीपर्यंत साल सोलून काढलेली. उन्हाळ्यात पाणी मिळालं नाही की ते त्या ओलसर गाभ्यावर भागवतात. हत्तींचे कळप दुपारपर्यंत इतके दिसले की मोजायचं सोडून दिलं.

त्सेत्से माशी मात्र लक्षात राहिली. आपली गोमाशी परवडली. गडद निळा आणि काळा रंग तिला खेचून घेतो. रस्त्याकडेच्या झाडांना तिच्यासाठी निळ्या-काळ्या कापडाचे सापळेच टांगलेले असतात. मी यादीत लिहिलं होतं, "खाकी, मातकट कपडे". नवऱ्यानं घातला होता नेव्ही ब्ल्यू टीशर्ट. "काका, यू आर द ट्रॅप," गाइड म्हणाला. संध्याकाळी कराटूच्या लॉजवर मी त्याच्या पाठीला मलम लावत होते. तिथं पलंगावर टॉवेलचे दोन हंस चोचीला चोच लावून बसवलेले होते, आणि त्यांच्या शेजारी नवरा पालथा.

तिसरा दिवस

सहाला न्गोरोंगोरोच्या काठावर. उंची २,३०० मीटरच्या घरात, धुकं, आणि महाबळेश्वरची जानेवारी वाटावी असा गारठा. स्वेटर घ्या, आफ्रिका म्हणून हसू नका. धुकं फाटलं आणि सहाशे मीटर खाली ती परात दिसली. लाखो वर्षांपूर्वी ज्वालामुखीचं डोकं आत कोसळून झालेली, तळ २६० चौरस किलोमीटर. सांगली-मिरज-कुपवाड अख्खी महापालिका दोनदा मावेल. खाली उतरायचे एका गाडीचे २९५ डॉलर, माणसांचे वेगळे. हा आकडा ऐकून नवऱ्यातला व्यापारी जागा झाला. "एका गाडीचे ना? मग चौघं असते तर परवडलं असतं." हनिमूनला चौघं?

खाली सिंह, म्हशी, पाणघोडे, सगळं आहे, फक्त जिराफ नाहीत. दूर गवतात एक काळा ठिपका गाइडनं दुर्बिणीतून दाखवला. तो गेंडा. पंधरा मिनिटं बघितल्यावर ठिपक्यानं मान हलवली. मला तेवढं पुरलं.

दुपारनंतर न्दुतूकडं. रस्ता म्हणजे पत्र्याची नालीदार पट्टी. लाल चादरी पांघरलेली मसाई पोरं गुरांमागं, आणि त्याच माळावर झेब्रे. गाइड बोलता बोलता म्हणाला, या भागात विल्डबीस्ट आहेत तेरा 'लाकी'. नवरा ताठ बसला. लाख? हो, स्वाहिलीत लाखाला लाकीच. मग रस्ताभर तोच खेळ. दुकानाला दुका, गाडीला गारी, विम्याला बिमा, चहाला चाय, चपातीला चपाती. समुद्रावरनं माल गेला, त्याच्याबरोबर हिशेबाचे शब्दही उतरले. वडीलधाऱ्यांना ती माणसं "शिकामो" म्हणतात. मुळात त्याचा अर्थ पाय धरतो असा, गाइडनं सांगितलं. नवऱ्यानं लगेच पप्पांना फोनवर शिकामो केलं. पलीकडून उत्तर आलं, "काय? सर्दी झालीय का?"

चौथा दिवस

या दिवसासाठी दोन्ही घरांची बोलणी खाल्ली होती.

न्दुतू सेरेंगेटी उद्यानाच्या हद्दीबाहेर, न्गोरोंगोरोच्या राखीव क्षेत्रात येतं, म्हणून इथं गाडी रस्ता सोडून माळावर नेता येते. उजाडताना इंजिन बंद केलं तेव्हा आवाज आला. हंबरडा नव्हे, डरावही नव्हे, लाखभर माणसं एकदम "ग्नू" म्हणतायत असा. क्षितिजापर्यंत काळं. जनावर दिसायला मोठं गमतीशीर, पुढून रेडा, मागून वासरू, दाढी बोकडाची. उरलेल्या सामानातून केलंय म्हणतात तिकडं.

आमच्यापासून वीस पावलांवर एक मादी बसली, उठली, परत बसली. मी म्हटलं, "ही विणार." गाइडनं माझ्याकडं वळून बघितलं. अरे बाबा, माहेरी तीन म्हशी आहेत. शेपटी बाजूला धरून अशी उठ-बस करायला लागली की दादा (माझा खरा दादा) कंदील घेऊन गोठ्यात जाऊन बसायचा.

आधी दोन पांढुरके खूर दिसले. मग नाक. मग ती उभी राहिली आणि पिल्लू ओलं, चकचकीत, चहाच्या रंगाचं, धप्पकन खाली पडलं. गाइडनं घड्याळ दाखवलं. आमच्याकडं रेडकू पडलं की पोत्यानं पुसायचं, नाकातला चिकटा काढायचा, तासाभरानं ते लटपटत उभं राहतं आणि घरात चहा होतो. इथं पोतं कोण देणार? आईनं दोनदा चाटलं. पिल्लानं मागचे पाय ताणले, तोंडावर पडलं. परत उठलं, आडवं झालं. तिसऱ्यांदा चारी पाय फाकवून उभं राहिलं, स्टुलासारखं. कोल्ह्यांची एक जोडी वारेच्या वासानं पन्नास फुटांवर येऊन बसली होती. त्यांना घाई नव्हती. पिल्लू एक पाऊल चाललं, दोन, आणि मग, खरं सांगते, पळालं. वाकडं, पण पळालं, आईच्या पोटाला चिकटून. गाइड म्हणाला, सात मिनिटं.

दोन-तीन आठवड्यांत पाच लाखांच्या आसपास पिल्लं इथं पडतात. सगळ्या एकाच वेळी वितात, कारण तरसं-सिंह खाऊन खाऊन किती खाणार? आणि याच माळावर का? जुन्या ज्वालामुखींची राख जमिनीत आहे. गवत आखूड, पण कॅल्शियम आणि फॉस्फरसनं भरलेलं, म्हणून दुधाला चांगलं. आखूड असल्यामुळं वाघरू लांबून दिसतंही. नवरा म्हणाला, "म्हणजे काळ्या रानासारखं. माती बघून आलेत." हे वाक्य ऐकून मला लग्न केल्याचं समाधान वाटलं.

दुपारी एका चित्त्यानं तसलंच एक पिल्लू धरलं. सकाळचं नव्हे, असं मी स्वतःला सांगितलं. गाडीत कोणी बोललं नाही. डब्यातलं भडंग तेवढं संपलं. गाइडनं लसूण वेचून वेचून खाल्ला.

पाचवा दिवस

सेरोनेरा, सेरेंगेटीचा मधला भाग. दिवसभर धूळ. खडकावर सिंहिणी पसरलेल्या, आमच्याकडं ढुंकून न बघता. चारच्या सुमाराला झाडाच्या आडव्या फांदीवर चार पाय लोंबकळत ठेवलेला बिबट्या दिसला. पप्पांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर, "आपल्याकडचा जास्त भरलेला असतो."

मुक्काम तंबूत. कुंपण नाही. अंधार पडल्यावर तंबूतून जेवायला जायचं तर शिट्टी वाजवायची, मग बॅटरी घेऊन रखवालदार येतो. रात्री तरसांचं ते वर चढत जाणारं ओरडणं अगदी कापडापलीकडं. "झोपलीस का?" "नाही." "मी पण नाही." रात्रभर इतकंच संभाषण. पहाटे सिंह गरजला तेव्हा पाण्याचा जग टेबलावर थरथरला, असं नवरा म्हणतो. मला वाटतं टेबल तोच धरून बसला होता.

सहावा दिवस

सकाळी मातीच्या धावपट्टीवर गाइडचा निरोप घेतला. बॅगा परत काट्यावर. १५ आणि १४ किलो ७००. हमालमामांचा काटा बरोबर होता. विमानात वैमानिकाची पाठ हाताच्या अंतरावर. अरुशाला थांबून झांझिबार. दार उघडलं आणि तोंडावर ओलं फडकं मारल्यासारखी हवा.

सातवा दिवस

स्टोन टाउन. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून सायकल आली तर भिंतीला चिकटायचं. नक्षीदार दारांवर पितळी खिळे. त्यांतली कमानीची दारं भारतीय धाटणीची. नोव्हेंबर ते मार्च वाहणाऱ्या ईशान्येच्या वाऱ्यावर, त्याला ते कासकाझी म्हणतात, आपल्या किनाऱ्यावरून गलबतं इथं यायची आणि वारा फिरला की परतायची. खांदे, गुडघे झाकलेले कपडे या गावात बरे. माझी सुती ओढणी कामाला आली.

जुन्या गुलाम-बाजाराच्या जागी आता चर्च आहे, १८७३ मध्ये बाजार बंद झाल्यावर बांधायला घेतलेलं. शेजारी तळघरासारख्या दोन खोल्या. छत इतकं खाली की नवऱ्याला वाकूनही चालता येईना. इथं हनिमूनला येऊन हे कशाला बघायचं, असं बरोबरच्या एका जोडप्याचं म्हणणं पडलं. मला तसं वाटलं नाही. ज्या लवंगांच्या पैशावर हे सुंदर गाव उभं राहिलं, त्या गुलाम केलेल्या माणसांनीच तोडलेल्या.

गायक फ्रेडी मर्क्युरीचा जन्म इथला, १९४६ चा, पारशी घरातला. त्या घराशी लोक फोटो काढत होते. तो शिकला आमच्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत, हे मी एका जर्मन बाईला अशा थाटात सांगितलं की जणू डबा मीच पोचवत होते.

रात्री फोरोधानी बागेत उरोजो खाल्ला. आंबट, पिवळी, दाटसर कढी समजा. त्यात बटाटा, भजी, वर कुरकुरीत काहीतरी आणि चटणी. भेळ कढीत पडली तर काय होईल, त्याचं उत्तर. नवऱ्यानं पहिला घास घेतला आणि म्हणाला, "हळद चांगलीय."

आठवा दिवस

पूर्व किनाऱ्यावर पाजे. साडेदहाला हॉटेलात पोचलो, सामान टाकलं, पळत वाळूवर गेलो आणि समुद्र नव्हता. म्हणजे होता, लांब, एक पांढरी रेघ. मधे किलोमीटरभर ओली वाळू, त्यात होड्या कुशीवर पडलेल्या. "एवढे पैसे भरून समुद्र सुट्टीवर?" नवरा.

चूक माझी. चार महिने वहीत गोल काढले, पण तिथी बघितली नाही. त्या दिवशी माघी पौर्णिमा! उधाणाची भरती मोठी तशी ओहोटीही मोठी, आणि हा किनारा उथळ. भरती-ओहोटीची कटकट नको असेल तर उत्तरेला नुंगवीला राहावं, तिकडं पाणी एवढं लांब जात नाही.

पण पाणी गेलं म्हणून त्या बायका दिसल्या. कमरेला कांगा, म्हणजे तिकडचं रंगीत सुती कापड, खोचून, गुडघाभर पाण्यात वाकलेल्या. खुंट्या ठोकून त्यांच्यामध्ये ताणलेल्या दोऱ्यांना शेवाळाचे झुपके बांधत होत्या. हे शेवाळ वाळवून परदेशी जातं. मी नुसती बघत राहिले. ओळी, ताण, बांधणी, हाताची ती चाल. आमच्या बागेत तारेवर काडी बांधणाऱ्या बायकांची हीच. एकीनं दोरीचं टोक माझ्या हातात दिलं. चार झुपके बांधले. पाचव्याला तिनं माझे चारही सोडले आणि हसत पुन्हा बांधले.

चारला पाणी परत आलं, आपल्या पायांनी, हॉटेलच्या पायरीपर्यंत.

नववा दिवस

काही केलं नाही. आखणीत हा दिवस मी कोरा ठेवला होता, त्याचा मला अभिमान आहे.

दहावा दिवस, १४ फेब्रुवारी

संध्याकाळचं विमान. वाटेत मसाल्याची बाग. हॉटेलवाल्यानं व्हॅलेंटाइन म्हणून गुलाब दिला होता, तो गाडीत विसरून नवरा जायफळ, दालचिनी, वेलदोडा बघत पुढं गेला. लवंगेच्या झाडाखाली त्यानं भाव विचारला. तिथला माणूस म्हणाला, लवंग सरकारी महामंडळालाच विकायची, भाव तेच ठरवतात. "म्हणजे सौदाच नाही?" नवऱ्याला ते पटेना. दहा मिनिटं तो त्या माणसाला मार्केट यार्डातला लिलाव समजावत होता, खाणाखुणांसकट. हरिपूरची पेवं, जमिनीत खोल खड्डे काढून त्यात वर्षानुवर्षं हळद कशी राहायची, पुरांनी ती कशी गेली, सगळं.

तो माणूस मग वाकला, मातीतून एक गड्डा उपटला आणि धुऊन हातावर ठेवला. "मांजानो," म्हणाला. स्वाहिलीत पिवळ्या रंगालाही तोच शब्द, हळदीलाही.

नवऱ्यानं गड्डा उलटापालटा केला. एक हळकुंड मोडलं. कानाशी नेऊन मोडलं, सवयीनं. ओल्याचा कसला आवाज येणार? अंगठ्याच्या नखानं खरवडून उन्हात धरलं. लग्नात लावलेल्या हळदीची कड त्याच्या नखात जेमतेम निघून गेली होती, ती परत भरली. मग फोटो काढला आणि पप्पांना पाठवला.

आम्ही विमानतळावर बॅगा काट्यावर ठेवत होतो तेव्हा उत्तर आलं.

"रंगाला बरी आहे. आज आपल्याकडं सौद्याला गर्दी होती. कधी येताय?"

आणि मागोमाग दुसरं, "तिकडं भाव काय?"